गल्ला रोज जुळायचा, माल मात्र कमी पडायचा: एका दुकानातल्या स्टॉक घटीचं प्रकरण

वार्षिक मोजणी झाली आणि घटीचा आकडा आदल्या वर्षाच्या दुपटीहून जास्त निघाला, तिथून हे सगळं सुरू झालं. दुकान मध्यम आकाराचं, एकाच मजल्यावरचं, कॉस्मेटिक्स, शेव्हिंगचं सामान, बॅटऱ्या, इअरफोन-चार्जर असला बारीक माल आणि एका बाजूला कपडे. कुठलं दुकान, कोणाचं, ते लिहिणार नाही, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय आणि अशाच दुसऱ्या दुकानांत दिसलेल्या एक-दोन गोष्टी यात मिसळल्यात, म्हणून रकमा न देता फक्त हिस्से दिलेत. आधी काय गृहीत धरलं गेलं आणि मग काय निघालं हा क्रम मात्र जसा होता तसाच ठेवलाय, कारण नुकसान जितकं मालाचं झालं तितकंच या क्रमामुळेही झालं असं माझं ठाम मत आहे.

घट म्हणजे काय ते आधी थोडक्यात. सुरुवातीचा स्टॉक, त्यात आलेला माल मिळवा, विकलेला, सप्लायरला परत गेलेला आणि रीतसर राइट-ऑफ केलेला, म्हणजे फुटला-खराब झाला म्हणून नोंद करून बाद केलेला, माल वजा करा, जे उरतं तो कागदावरचा स्टॉक. रॅकवर आणि गोडाऊनमध्ये प्रत्यक्ष मोजून जे भरतं ते त्यातून वजा केलं की उरते ती घट, ज्याला रिटेलमध्ये श्रिंकेज म्हणतात. या आकड्यावर कुठेही "चोरी" असं लिहिलेलं नसतं. ती निव्वळ वजाबाकी आहे, आणि वजाबाकीतली कुठलीही एक बाजू चुकली तरी घट दिसते, माल जागेवर असला तरी दिसते.

पहिले सहा महिने

मॅनेजमेंटने आकडा बघितला आणि त्याच आठवड्यात ठरवून टाकलं की चोरी वाढलीय. दारात दुसरा गार्ड आला, ब्लेड आणि परफ्यूम काचेच्या कपाटात कुलपाखाली गेले, नवीन कॅमेरे लागले आणि संध्याकाळी सुटताना प्रत्येक स्टाफची बॅग उघडून बघायला सुरुवात झाली. शिवाय सिस्टीममधून रिफंडचा रिपोर्ट काढला तर एका कॅशियरच्या लॉगिनवर इतरांपेक्षा खूप जास्त रिफंड दिसले, मग तिला बोलावून सांगितलं, "मॅडम, काही दिवस तुम्ही गोडाऊनला बसा, काउंटर नको." कारण दिलं नाही, लेखी काही नाही, पण दुकानातल्या सगळ्यांना त्याच दिवशी कारण कळलं, असं काही लपत नाही. ती कित्येक वर्षं तिथे काम करत होती.

सहा महिन्यांनी मधली एक मोजणी घेतली. घटीचा वेग जवळपास तसाच. कुलपातल्या मालाची चोरी कमी झाली असेलही, पण त्याचा खपसुद्धा पडला, कारण किल्ली एकाकडे, तो गोडाऊनमध्ये, आणि ब्लेडच्या एका पाकिटासाठी थांबायची गिऱ्हाइकाची तयारी नसते, तो पुढे जातो आणि उरलेली खरेदीपण दुसरीकडे करतो. फ्लोअरवरची दोन जुनी माणसं सोडून गेली. बॅग तपासणीत काहीही सापडलं नाही.

मी या कामात आलो ते इथे. माझं पहिलं म्हणणं एवढंच होतं की चोर शोधणं काही दिवस थांबवू आणि आधी आकडा तपासू. हे ऐकायला कोणाला आवडत नाही, कारण सहा महिने खर्च करून झालेला असतो.

आकडा खरा होता का

दोन वर्षांच्या मोजणीच्या शीट काढून बसलो. कंटाळवाणं काम आहे, पण यातूनच पहिला मोठा हिस्सा सुटला. आदल्या वर्षी कॉस्मेटिक्सचा एक आख्खा रॅक दोन टीमनी मोजला होता. मोजून झालेल्या रॅकला स्टिकर लावायची पद्धत नव्हती, रात्री उशीर झालेला, एका टीमने संपवला आणि दुसऱ्या टीमने तोच परत सुरू केला. शीटवर तोच रॅक नंबर, तेच आयटम, जवळपास तेच आकडे, फक्त सह्या वेगळ्या.

याचा परिणाम नीट समजून घ्या, कारण बरेच जण इथे घसरतात. माल जास्त मोजला गेला म्हणजे आदल्या वर्षीचा शिल्लक स्टॉक फुगला, म्हणून त्या वर्षीची घट खोटी कमी दिसली आणि सगळ्यांनी एकमेकांची पाठ थोपटली. तोच फुगलेला आकडा यंदाचा सुरुवातीचा स्टॉक झाला, म्हणजे यंदा कागदावर असा माल होता जो कधी दुकानात नव्हताच, आणि मोजताना तो सापडला नाही म्हणून यंदाची घट तेवढीच खोटी वाढली. एकच चूक, पण एका वर्षाला खाली ओढते आणि दुसऱ्याला वर ढकलते, आणि तुम्ही दोन वर्षांची तुलना करून बसलात की दुप्पट दिसणारच. त्या दुपटीपैकी बरीचशी वाढ प्रत्यक्षात झालीच नव्हती.

यंदाच्या मोजणीतही एक गडबड होती, लहान. मोजणीच्या दिवशीच एक गाडी आली, मालाची इनवर्ड एंट्री, म्हणजे आवकेची नोंद, झाली पण कार्टन उतरवण्याच्या जागेवरच पडून राहिले आणि मोजायला कोणी गेलंच नाही. मोजणीच्या दिवशी ठराविक वेळेनंतर आवक-जावक बंद, हा नियम कागदावर होता. गाडीवाला दारात येऊन उभा राहिला की तो नियम कोण पाळतं.

कार्टनमधले दोन नग

मग एकूण आकडा सोडला आणि घट आयटमवार लावली. एकूण आकड्यात काहीच दिसत नाही, कारण एका आयटमची तूट आणि दुसऱ्याची वाढ एकमेकांना खाऊन टाकतात. आयटमवार यादी लावली आणि तुटीच्या शेजारी त्या आयटमची वर्षभराची आवक लिहिली, तर एका सप्लायरच्या शाम्पू आणि फेसवॉशमध्ये तूट आवकेच्या सहाव्या हिश्शाच्या आसपास येत होती. प्रत्येक आयटमला. चोर इतका नियमित नसतो हो. चोरी गर्दीनुसार, सुट्टीनुसार, रॅकच्या जागेनुसार वरखाली होते. तूट आवकेच्या ठराविक प्रमाणात येत असेल तर ती दारातून बाहेर जात नाहीये, ती आत येतानाच तयार होतेय.

इनवर्डला बसणाऱ्या माणसाला जाऊन विचारलं, "दादा, या कंपनीच्या कार्टनमध्ये किती नग येतात?"

"दहा. आधी बारा यायचे, पॅकिंग बदललं त्यांनी."

"मग सिस्टीममध्ये दहाच चढतात ना?"

"ते मला नाही माहीत सर, मी फक्त कार्टनचा बारकोड मारतो, आकडा आपोआप येतो."

आयटम मास्टरमध्ये, म्हणजे सिस्टीममधल्या प्रत्येक आयटमच्या मूळ नोंदीत, अजून बाराच होते. प्रत्येक कार्टनला दोन नग हवेतून चढत होते, म्हणजे तीस कार्टन आले की कागदावर ३६० आणि प्रत्यक्षात ३००. सप्लायरने काही लपवलं नव्हतं, चलानवर दहा स्पष्ट छापलेलं होतं आणि बिल कार्टनवर असल्यामुळे अकाउंट्सला काहीच खटकलं नाही. पॅकिंग बदललं ते दादांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, त्यांना कोणी विचारलंच नाही, आणि घट शोधण्यासाठी ज्यांच्या बॅगा रोज उघडल्या जात होत्या त्यात त्यांचीही बॅग होती. हे मला फार लागलं.

याच यादीत अजून एक ठसा दिसत होता. एका सुगंधाचा साबण पन्नास कमी तर त्याच किमतीचा दुसऱ्या सुगंधाचा तेवढाच जास्त. काउंटरवर घाई असते, गिऱ्हाईक तीन वेगवेगळे घेऊन येतं, किंमत एकच, कॅशियर एक स्कॅन करून तीनने गुणते. रकमेत फरक पडत नाही म्हणून कोणी लक्ष देत नाही, पण स्टॉक दोन्हीकडे बिघडतो आणि ऑटो-ऑर्डर त्याच बिघडलेल्या स्टॉकवर चालते, म्हणजे जो रॅकवर संपलाय तो सिस्टीममध्ये भरपूर दिसतो आणि मागवलाच जात नाही. स्टॉकच्या नोंदी चुकणं हा एखाद्या ढिसाळ दुकानापुरता प्रकार नाहीये. निकोल डीहोरेशियस आणि अनंत रामन या दोन संशोधकांनी एका मोठ्या रिटेलरच्या ३७ दुकानांतल्या जवळजवळ ३,७०,००० नोंदी प्रत्यक्ष मालाशी ताडून बघितल्या, त्यांचा पेपर २००८ मध्ये आला, आणि त्यातल्या ६५ टक्के नोंदी जुळत नव्हत्या. अशा नोंदींवर वजाबाकी करून तुम्ही माणसांवर संशय घेणार असाल तर आधी नोंदी बघाव्या लागतील.

टेस्टर आणि फुटक्या मालाचं सांगायला फार नाही. लिपस्टिक, क्रीम, परफ्यूमचे टेस्टर स्टाफ सरळ रॅकवरूनच उघडायचा, फुटलेली बाटली पुसून कचऱ्यात जायची, राइट-ऑफचा फॉर्म ऑफिसच्या कपाटात आणि त्यावर दोन सह्या लागायच्या, एका बाटलीसाठी कोण एवढं करेल. वर्षभराचं साचून तो हिस्सा चांगलाच मोठा भरला.

रिफंड

आता ज्याच्यावरून एवढं रामायण झालं त्या रिफंडकडे येतो, आणि इथे थोडं सावकाश जातो, कारण इथे एका माणसाची नोकरी आणि नाव पणाला लागलं होतं.

मॅनेजर मला पहिल्याच दिवशी अभिमानाने म्हणाले होते, "आमचा गल्ला रोज पैशाला पैसा जुळतो, कॅशवर चोरी शक्यच नाही." गल्ला जुळतो हे खरंच होतं. पण खोट्या रिफंडमध्ये गल्ला जुळतोच, तीच तर त्यातली मेख आहे. समोर गिऱ्हाईक नाही, परत आलेला माल नाही, तरी सिस्टीममध्ये रिफंड मारला की ड्रॉवरमधून तेवढी कॅश जायला हवी असं सिस्टीमच सांगते. ती कॅश खिशात गेली तरी रात्री हिशेब बरोबर येतो. दुसऱ्या बाजूला सिस्टीम एक नग स्टॉकमध्ये परत चढवते, जो कुठेच नाहीये. म्हणजे चोरी होते कॅशची आणि ती दिसते मालाच्या घटीत, तीही महिन्यांनी, मोजणीच्या वेळी, आणि तेव्हा सगळे बघतात रॅककडे आणि गिऱ्हाइकाच्या पिशवीकडे.

तसं बघितलं तर कॅश रजिस्टर हे यंत्रच मुळात आतल्या चोरीमुळे जन्माला आलं. अमेरिकेत ओहायोतल्या डेटन शहरात जेम्स रिटी नावाचा एक बारमालक होता, नोकर पैसे मधल्या मधे उचलतात म्हणून वैतागून त्याने भावाबरोबर ते यंत्र बनवलं आणि १८७९ मध्ये पेटंट घेतलं. पण यंत्र व्यवहाराची नोंद ठेवतं, तो व्यवहार खरा होता की नाही हे बघायला माणूसच लागतो.

रिफंडच्या नोंदी एकत्र लावल्यावर काही गोष्टी एकदम वर आल्या. संशयास्पद रिफंड सगळे कॅशमधले, मूळ बिल जोडलेलं नाही, रक्कम मॅनेजरची मंजुरी लागते त्या मर्यादेच्या थोडी खाली, आयटम लहान आणि महाग, आणि वेळ दुपारी शिफ्ट बदलते त्याच्या जरा आधी. बहुतेक त्याच कॅशियरच्या लॉगिनवर. आणि मॅनेजमेंटने त्या वेळेचं कॅमेऱ्याचं फुटेज बघितलेलं होतं, त्यात ती काउंटरवर उभी दिसत होती. त्यांच्या दृष्टीने पुरावा पूर्ण झाला होता. नोकरीवरून काढायचं पत्र टाइप होऊन तयार होतं.

मी म्हटलं, आधी घड्याळं जुळवू. हे काम करणाऱ्या प्रत्येकाने हे पहिल्यांदा करावं, पाच मिनिटं लागतात. कॅमेऱ्यासमोर बरोबर लावलेलं घड्याळ धरून बिलिंग मशीनवर एक नो-सेल मारायचा, म्हणजे विक्री न करता नुसता ड्रॉवर उघडायचा, आणि मशीनने कुठली वेळ छापली आणि कॅमेऱ्याने कुठली नोंदवली ते बघायचं. कॅमेऱ्याचं घड्याळ बरोबर होतं. बिलिंग मशीनचं दहा मिनिटांहून जास्त मागे होतं.

म्हणजे मशीन सांगत होतं की रिफंड तीन वाजायच्या पाच मिनिटं आधी झाला, आणि कॅमेऱ्यात तीनला पाच कमी असताना बघितलं तर ती बाई काउंटरवर होतीच, कारण तिची शिफ्ट तीनला संपत होती. पण तो रिफंड प्रत्यक्षात तीन वाजून गेल्यावर झालेला. हजेरीच्या मशीनवर ती तोपर्यंत बाहेर पडलेली. खऱ्या वेळेचं फुटेज काढलं तर काउंटरवर शिफ्ट सुपरवायझर एकटा, समोर गिऱ्हाईक नाही, काउंटरवर परत आलेली वस्तू नाही, ड्रॉवर उघडा. एकदा नाही, जितके रिफंड तपासले त्यातल्या बहुतेकांत हेच.

तिचं लॉगिन कसं वापरलं गेलं? लॉग-आउट करून परत लॉगिन करायला मशीन वेळ खायचं, रांग असायची, म्हणून पुढची व्यक्ती आधीच्या लॉगिनवरच काम सुरू करायची, सगळेच तसं करायचे. आणि रिफंडला लागणारं सुपरवायझरचं स्वाइप कार्ड दोरीने काउंटरखाली लटकवलेलं असायचं, तेही "घाईत सोपं पडतं" म्हणून. म्हणजे रिपोर्टवर नाव कोणाचं आहे यावरून काम कोणी केलं हे त्या दुकानात कळणं अशक्यच होतं, आणि त्याच रिपोर्टवर एका माणसाला सहा महिने गोडाऊनमध्ये बसवलं होतं. ज्या माणसाने तिच्या लॉगिनवर हे केलं तो रोज तिच्यासमोर वावरत होता. मला या सगळ्या प्रकरणात मालाच्या घटीपेक्षा याचा जास्त राग येतो.

सुपरवायझरशी बोलणं झालं ते दोन जण हजर ठेवून, दार न लावता, नोंदी आणि फुटेज समोर ठेवून. आवाज चढवला नाही, "लिहून दे नाहीतर पोलीस" असलं काही नाही, कारण दबावाखाली माणूस न केलेलंही कबूल करतो आणि मग ना दुकानाला उपयोग ना सत्याला. माणसाला खोलीत अडवून ठेवणं तर बिलकुल नाही, कायदा जागोजागी वेगळा असला तरी हे कुठेही अंगाशी येऊ शकतं. त्याने कबूल केलं. सुरुवात कशी झाली तर एकदा खरंच एका गिऱ्हाइकाने रिफंड मागितला, सगळं करून झालं आणि गिऱ्हाईक मन बदलून वस्तू घेऊन निघून गेलं, कॅश उरली, कोणी विचारलं नाही. पुढे घरची अडचण होती, ती कोणाला सांगता येत नव्हती, आणि "परत टाकीन" असं तो स्वतःला सांगत राहिला. डोनाल्ड क्रेसी या समाजशास्त्रज्ञाने १९५३ मध्ये, विश्वासातल्या माणसाने केलेल्या अफरातफरीबद्दल जे मांडलं त्याच तीन गोष्टी इथे होत्या: कोणाला सांगता न येणारी पैशाची अडचण, समोर दिसणारी संधी आणि स्वतःची घातलेली समजूत. पहिली आणि तिसरी दुकानाच्या हातात फारशी नसते. संधी मात्र दोरीने बांधून काउंटरखाली लटकवलेली होती.

नंतर फ्लोअरवरच्या लोकांशी निवांत बोललो तेव्हा कळलं की दोघांना संशय होता. का नाही सांगितलं विचारलं तर एक जण म्हणाला, "सर, आमच्याच बॅगा तपासत होते, आम्ही कोणाला सांगणार?" याला काही उत्तर नाही. असोसिएशन ऑफ सर्टिफाइड फ्रॉड एक्झामिनर्सच्या २०२४ च्या जागतिक अहवालात अफरातफरीची ४३ टक्के प्रकरणं कोणीतरी खबर दिल्यामुळे उघडी पडली असं दिसतं, आणि खबर देणाऱ्यांत निम्म्याहून जास्त कर्मचारीच होते. सरसकट संशय घेतला की हे दार आपण आपल्याच हाताने बंद करतो.

खरी दुकानचोरी

ती होतीच, नव्हती असं मी म्हणत नाही. रिकामी पाकिटं सापडत होती, पण सगळीकडे नाही, कपड्यांच्या बाजूला ट्रायल रूमच्या अलीकडे एक उंच रॅक होता त्याच्या मागे आणि टांगलेल्या जॅकेटच्या खिशांत. ब्लेड, लहान परफ्यूम, इअरफोन. रोनाल्ड क्लार्क या गुन्हेशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये कुठल्या वस्तू जास्त चोरीला जातात याची सहा लक्षणं दिली होती: लपवता येते, उचलून नेता येते, सहज हाताला लागते, किंमत असते, हवीहवीशी वाटते आणि पटकन विकता येते. दुकानातल्या हजारो आयटमपैकी ही सहाच्या सहा लक्षणं लागू पडतात असे आयटम मूठभरच निघतात, आणि पहारा तिथेच लागतो.

मालाला लावलेला टॅग चालू असताना बाहेर गेला की वाजणारं जे गेट दारात होतं त्याचं काय चाललं होतं ते बघण्यासाठी गार्डला एक वही दिली, गेट वाजलं की कारण लिहायचं. बहुतेक वेळा कारण एकच, काउंटरवर टॅग निकामी झालाच नाही, कारण टॅग निकामी करणारं पॅड कॅशियरच्या डाव्या हाताला आणि पिशवी भरायची जागा उजवीकडे. पैसे भरलेलं गिऱ्हाईक दारात वाजायचं, ओशाळायचं, गार्ड हाताने "जा जा" करायचा. आठवडाभरात गार्डचे कान मेलेले असतात, मग खरा चोर गेला तरी तोच हात हलतो. हे गेट तसं साधं आहे, टॅगमध्ये ठराविक फ्रीक्वेन्सीला प्रतिसाद देणारा तुकडा असतो, एका प्रकारात ५८ किलोहर्ट्झ, दुसऱ्यात ८.२ मेगाहर्ट्झ. ते वाजतं, बस, माणसाला थांबवत नाही, आणि वाजल्यावर कोणी काही करत नसेल तर त्याचा काही उपयोग नाही. पॅडची जागा बदलली, खोटे आवाज खूप कमी झाले, गार्ड परत लक्ष द्यायला लागला.

उंच रॅक काढून खांद्याच्या खाली येईल असा लावला. कपड्यांच्या घड्या घालायचं टेबल मागच्या भिंतीजवळ होतं ते त्या कोपऱ्यात आणलं, म्हणजे स्टाफचं रोजचं काम त्याच जागेवर व्हायला लागलं आणि वेगळा पहारा लागला नाही. ब्लेडची कुलपं काढली, ती काउंटरच्या समोर आली आणि रॅकवर थोडीच ठेवायची, संपली की भरायची, सगळा डबा एका हातात साफ होऊ नये म्हणून. फक्त सगळ्यात महाग परफ्यूम काचेत राहिले आणि किल्ली काउंटरवरच्या माणसाकडे आली. गार्डला लेखी सूचना दिली: अंगाला हात लावायचा नाही, दाराबाहेर पाठलाग नाही, स्वतः वस्तू उचलताना बघितली नसेल तर आरोप नाही.

हिस्से

सगळं लावून बघितलं तेव्हा त्या भयंकर दिसणाऱ्या घटीतला साधारण चौथा हिस्सा मोजणीच्या चुकांचा होता, म्हणजे तेवढा माल कधी गेलाच नव्हता. पाचवा हिस्सा कार्टनचा. टेस्टर-फुटतूट, खोटे रिफंड आणि बाहेरची चोरी हे तिन्ही जवळपास सारखे, प्रत्येकी सातवा-सहावा हिस्सा. उरलेला दहावा भाग सुटला नाही.

दुसऱ्या दुकानात हे प्रमाण वेगळं निघेल, कुठे बाहेरची चोरी खरंच सगळ्यात मोठी असते. अमेरिकेतल्या नॅशनल रिटेल फेडरेशनच्या २०२२ या आर्थिक वर्षाच्या सर्वेक्षणात बाहेरची चोरी ३६ टक्के, कर्मचाऱ्यांची २९ आणि प्रक्रियेतल्या चुका २७ टक्के असे हिस्से आले होते, आणि हेही दुकानदारांनी दिलेले अंदाजच. याच संस्थेने आधी असं छापलं होतं की २०२१ च्या ९४.५ अब्ज डॉलरच्या घटीपैकी जवळपास निम्मी संघटित टोळ्यांमुळे झाली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ते विधान मागे घ्यावं लागलं. एवढ्या मोठ्या संस्थेलाही घट म्हणजे चोरी आणि चोरी म्हणजे टोळी हा उतार सोपा वाटला, तर एका दुकानाच्या मॅनेजरला वाटला यात नवल नाही. म्हणूनच आयटमवार यादीशिवाय मी कोणाशी चोरीबद्दल बोलत नाही.

मग काय बदललं

आयटम मास्टरमधले पॅकिंगचे आकडे सगळे तपासले, अजूनही दोन-तीन चुकीचे निघाले. इनवर्डला आता दर गाडीत काही कार्टन उघडून नग मोजतात आणि मोजणाऱ्याला चलान आधी दाखवत नाहीत, त्याने मोजून लिहायचं आणि मग ताडायचं. वर्षातून एकदा मोठी मोजणी आहेच, पण जास्त जोखमीचे मूठभर आयटम दर आठवड्याला मोजले जातात, वेगवेगळ्या दिवशी. टेस्टरला वेगळा कोड दिला, फुटक्या मालाचा फॉर्म काउंटरमागे एका पानाचा, सही एकच. मोजलेल्या रॅकला स्टिकर, हे सांगायलाच नको.

लॉगिन प्रत्येकाचं वेगळं झालं आणि मशीन शिफ्टच्या वेळेला आपोआप लॉग-आउट होतं. सुपरवायझरचं कार्ड गळ्यात. बिलाशिवाय कॅश रिफंड बंद, त्याऐवजी क्रेडिट नोट, म्हणजे तेवढ्याच रकमेची पुढची खरेदी करता येईल अशी चिठ्ठी, आणि त्या दिवशी परत आलेला माल एका बंद पेटीत जातो जी दुसऱ्या दिवशी तिसराच माणूस रिफंडच्या यादीशी ताडतो. हा शेवटचा बदल सगळ्यात स्वस्त होता आणि माझ्या मते सगळ्यात जास्त कामाचा, कारण आता खोट्या रिफंडला दुसऱ्याच सकाळी माल दाखवावा लागतो.

बॅग तपासणी बंद केली. यावर मॅनेजमेंटशी बराच वाद झाला, त्यांना वाटत होतं की ती चालू राहिली तर बिघडतं काय. मी तेवढंच विचारलं की इतक्या महिन्यांत तिच्यातून काय सापडलं. कॅशियर बाईंना काउंटरवर परत घेतलं, आणि त्यांच्याबद्दल जे समजलं गेलं ते चूक होतं हे मॅनेजरनी सगळ्या स्टाफसमोर सांगितलं आणि लेखी दिलं. हे लेखी द्यायला ते आधी तयार नव्हते, "तोंडी सांगितलं ना" म्हणत होते. पण संशय सगळ्यांसमोर घेतला होता, मग तो मागेही सगळ्यांसमोरच घ्यायला हवा, यावर मी अडून बसलो.

राहिलेला दहावा भाग बहुतेक इअरफोन आणि चार्जरचा आहे. आठवड्याच्या मोजणीत आता एवढं दिसतंय की फ्लोअरवरचे आकडे जुळतात आणि तूट गोडाऊन ते रॅक या मधल्या टप्प्यात पडते, नाहीतर सप्लायरला परत जाणाऱ्या खराब मालाच्या खोक्यात, जिथे नग न मोजता वजनावर पाठवायची सवय आहे. ते खोकं आता दोन जणांनी मोजून सील करून पाठवायचं ठरलंय, आणि तोपर्यंत कोणाचंही नाव कुठल्या यादीवर लिहायचं नाही असंही.